मूळ फोटो कुणाकडे आहे?

आमच्या दुकानात गिऱ्हाईक रडत आलं तरी तोआकासेचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मूळ फोटो कुणाकडे आहे?"

लोक गोंधळायचे. बाप जाऊन जेमतेम एक दिवस झालेला, अंगावर काळे कपडे, कमरेला दुखवट्याची विसविशीत चटई गुंडाळलेली, आणि ही बाई असलं काय विचारते? मग मोबाइल पुढे करायचे. "हा काय, हाच." तोआकासे मोबाइल घ्यायची, काचेवर दोन बोटं ठेवून फोटो पसरायची, आणि पसरता पसरता बापाच्या चेहऱ्याची चौकोनी ठिगळांची गोधडी होऊन जायची.

"हा तुम्हाला कुणी पाठवला?"

"ऑकलंडच्या बहिणीनं."

"आणि तिला?"

"तिला… काय की."

"विचारा तिला. मेसेंजरवरून एकाकडून दुसऱ्याकडे गेला की फोटो दरवेळी बारीक होतो. ज्याच्या मोबाइलनं काढलाय त्याला गाठा, आणि जसा आहे तसा पाठवा म्हणावं. तोवर मी कापड काढून ठेवते."

आमच्या बेटांच्या या राजधानीत, नुकुअलोफात, माणूस गेला की निरोप दोन ठिकाणी जातो, चर्चमध्ये आणि आमच्याकडे. घराच्या कुंपणावर लावायला एक मोठा बॅनर, चर्चच्या दाराशी एक, आणि मग कबरीच्या डोक्याशी एक, दाराएवढा. कबरीवरचा उन्हानं वर्षा-दोन वर्षांत पांढरा पडतो, तेव्हा लोक परत येतात. मी मशीनवाला. मोठ्या कापडावर छापायचं मशीन पुढच्या खोलीत, तिथं मी. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, टेबलफॅन आणि तोआकासे. मधे दार नाही, फुलाफुलांचा एक पडदा आहे. तिच्या आयुष्यातलं मला जे कळलं ते बरंचसं त्या पडद्यातूनच.

मी नवा होतो तेव्हा एकदा ती रजेवर होती आणि एका वडीलधाऱ्या माणसाचा बॅनर मलाच करावा लागला. फोटो उभा, कापड आडवं. मी फोटो दोन्ही बाजूंनी धरून कापडभर ताणला. तोआकासे परत आली, बसमधून येताना कुंपणावर तो बॅनर तिला दिसला.

"मानासे, त्या माणसाला मेल्यावर जेवायला घातलंस का रे?"

मी मान खाली घातली. पण त्याच दुपारी त्या घरचे लोक सुरणाएवढे कंद भरलेली टोपली घेऊन आले. म्हणाले, आजोबा शेवटी शेवटी फार वाळले होते, तुम्ही त्यांना पहिल्यासारखं भरलेलं केलंत. तोआकासे पडद्याआड जाऊन टेबल धरून हसली. मग डोळे पुसत बाहेर आली.

"पुन्हा करू नकोस. कोपऱ्याला धरून ओढायचं, कडेला धरून नाही. कोपऱ्याला धरलं की माणूस वाढतो, कडेला धरलं की सुजतो."

तिनं मला बाकीचंही शिकवलं. मोठ्याचा लहान करायला काही लागत नाही, जास्तीचे ठिपके गळून जातात. पण गळलेले ठिपके परत येत नाहीत, म्हणून मूळ फोटोला हात लावायचा नाही, त्याची नक्कल करायची आणि जे काय करायचं ते नकलेवर.

"आणि लहानाचा मोठा करायचा असला तर?" मी विचारलं.

"मग मधल्या मोकळ्या जागा कॉम्प्युटर अंदाजानं भरतो. थोडाच वाढवलास तर अंदाज बरोबर येतो. फार वाढवलास की थापा मारायला लागतो."

तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे होती. उंच, हाडापेरानं मोठी, केसांचा घट्ट आंबाडा, आणि चष्मा सतत पदरानं पुसावा तसा ब्लाउजच्या टोकानं पुसायची सवय. सुतार बापाची थोरली मुलगी. पाठच्या चौघांना तिनंच शाळेत पोचवलं, आणि ते एकेक करून ऑकलंड, सिडनी करत निघून गेले. जाताना प्रत्येकजण म्हणाला, ताई, तू मागून ये. मागून यायला ती निघणार तर बाप अंथरुणाला खिळला. तो गेला तर आई खिळली. आई बरीच वर्षं अंथरुणात राहिली. ती गेली तेव्हा भाऊ सगळे आले, दहा दिवस घर भरलं, गाणी झाली, रडणं झालं, आणि जाताना कुणी 'मागून ये' म्हणालं नाही. विसरले असतील. तिनंही आठवण केली नाही.

भावांनी पैसे पाठवून घर मात्र मोठं बांधलं होतं, नाताळला सगळ्यांना उतरता यावं म्हणून. प्रत्येकाची खोली, प्रत्येक खोलीत पलंग, पलंगावर प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहिलेल्या उशा. ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहान खोलीत झोपायची. बाकीच्या खोल्या शनिवारी झाडायची आणि खिडक्या परत लावून घ्यायची.

आमच्याकडे एकटं जेवणं म्हणजे लोकांना बघवत नाही. रविवारी सगळं बंद, चर्च सुटलं की घरोघरी जमिनीतली भट्टी उघडते. एका माणसासाठी कोण भट्टी लावणार? शेजारणी तिला ताट पाठवायच्या, अळूच्या पानात नारळाच्या दुधातलं मांस, टॅरोचे कंद, रताळं. ती जेवायची, ताट घासायची, आणि ताट परत द्यायच्या निमित्तानं शेजारच्या पायरीवर थोडा वेळ बसायची. मग पोरं ओरडायला लागली, घरधनी झोपायला गेला, की उठून यायची. हे तिनंच मला सांगितलं, तक्रार म्हणून नाही. ताट उशिरा द्यावं की लवकर, याचा ती विचार करत होती.

दुकानात मात्र ती दिवसभर माणसांशी बोलायची. मूळ फोटो शोधायला फोन लावायची. "नमस्कार, तुम्ही मला ओळखत नाही. मी नुकुअलोफाहून बोलते." पलीकडची माणसं आधी तुटक बोलायची, मग दोन वाक्यांत रडायला लागायची. तो फोटो कधी काढला, त्या दिवशी काय शिजवलं होतं, गेलेला माणूस शेवटचं काय बोलला, सगळं तिला सांगायची. ती ऐकायची. फोटो यायचा, बॅनर व्हायचा, आणि ती माणसं पुन्हा कधी फोन करायची नाहीत. करतील कशाला?

मग ज्वालामुखी फुटला आणि लाट आली, ते वर्ष. आकाशातून राख पडली, समुद्रातली तार तुटली, कित्येक दिवस बाहेरच्या जगाशी बोलणं बंद. पश्चिमेकडची एक-दोन लहान बेटं धुऊन निघाली. माणसं वाचली ती बहुतेक टेकडीवर चढली म्हणून. त्यांना पुढे मोठ्या बेटावर आणून वसवलं, सारखी घरं बांधून दिली. त्यातला एक म्हातारा, पेनिसिमानी, सुनेला घेऊन आमच्या दुकानात आला. वाळलेला, काळाभोर, बोटं दोरखंडासारखी. दारातच म्हणाला, "माझी बायको मोठी करून पाहिजे."

मी हसू दाबलं. सुनेनं, कालोलाइने तिचं नाव, मोबाइल पुढे केला. त्यात एक गोल चकती होती, नखाएवढी. चकतीत बाईचा चेहरा.

"मूळ फोटो कुणाकडे आहे?" तोआकासेनं विचारलं.

"एवढाच आहे," कालोलाइने म्हणाली. "भिंतीवरचे सगळे लाटेनं नेले. हा सिडनीच्या चुलत नणंदेनं स्वतःच्या नावाशेजारी लावला होता, तिथून घेतला."

"कबरीवर लावायचाय?"

"कबर राहिली नाही," म्हातारा म्हणाला. "घरात लावायचाय. दाराएवढा. आता पुढच्या महिन्यात पाद्री घराला आशीर्वाद द्यायला येणार, सगळ्यांच्या भिंतीवर त्यांची माणसं असतील."

तोआकासेनं त्याला समजावलं. यात ठिपकेच नाहीत काका, दाराएवढा केला तर नुसता धूर दिसेल. म्हातारा ऐकत राहिला. पण कालोलाइने हटेना.

"हल्ली असे प्रोग्राम असतात की, ते करतात साफ. तुमच्याकडे नाही?"

"आहे. पण तो—"

"मग करा ना ताई. इतक्या लांबून आलोय."

तोआकासेनं केला. मी पडद्यापाशी उभा होतो. चकतीतला धूर स्क्रीनवर हळूहळू विरळ झाला आणि आतून चेहरा वर आला. पापण्या, ओठांवरच्या रेषा, दात, कपाळावरचा केस न केस. मी शीळ घातली. कालोलाइनेनं टाळ्या वाजवल्या. तोआकासेनं स्क्रीन म्हाताऱ्याकडे वळवली आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं डोळे बारीक केले. मग म्हणाला, "सुंदर आहे."

मी बॅनर छापला. ते घेऊन गेले.

दोन-तीन दिवसांनी म्हातारा बसमधून एकटाच उतरला, खांद्यावर बॅनरची गुंडाळी. आत आला, गुंडाळी टेबलावर अलगद ठेवली, झोपलेल्या माणसाला ठेवावं तशी.

"पोरी, ही बाई माझ्या घरात राहिली. चांगली आहे बिचारी, हसतमुख आहे. पण माझी नाही."

तोआकासे खुर्चीतून उठून उभी राहिली.

"लोसालिनेचा एक दात पुढं होता," तो म्हणाला. "हिचे सगळे एका रांगेत. आणि ही सारखी माझ्याकडे बघते. लोसालिने अशी बघत बसायची नाही, तिला कामं असायची. तेही चाललं असतं. पण काल मी डोळे मिटले आणि तिचा चेहरा आठवायला गेलो, तर हीच समोर. परत मिटले, परत हीच. मग उठलो, हिला उतरवली आणि निघालो."

"मला दिसत होतं काका. मी हट्टानं नाही म्हणायला हवं होतं."

"तू म्हणत होतीस. आम्हीच ऐकलं नाही."

"हिचं काय करू?" मी गुंडाळीकडे बोट दाखवून विचारलं.

"टाकू नका," म्हातारा घाईनं म्हणाला. "तिनं काय वाईट केलंय."

तोआकासेनं ती गुंडाळी स्वतः वरच्या फळीवर ठेवली. मग स्टूल ओढून म्हाताऱ्याला बसवलं आणि फोन उचलला. "सिडनीची ती नणंद, म्हणजे तुमची पुतणी. नंबर सांगा."

त्या दिवशी काही हाती लागलं नाही. पुतणीनं तो चेहरा कुठल्याशा चर्चच्या गायकांच्या इंटरनेटवरच्या पानावरून कापून घेतला होता, कोणतं पान ते तिला आठवेना. पण तोआकासे सोडणारी नव्हती. म्हातारा पुढच्या शुक्रवारी परत आला, त्याच्या पुढच्याही. शुक्रवारी त्यांच्या वसाहतीतली गाडी बाजाराला यायची. येताना केळीच्या पानात भाजलेला मासा घेऊन यायचा. दुपारी पडद्याआड दोघं जेवायची. इतकी वर्षं त्या वेळेला मला आतून फक्त टेबलफॅनचा आवाज यायचा, किंवा कीबोर्डचा. आता दोन माणसांचे आवाज यायला लागले.

"काटा बघून खा."

"काका, मी काय लहान आहे का?"

"काटा वय विचारत नाही."

मधेमधे फोन. पुतणीकडून गायकांच्या पानाचा पत्ता लागला. पानावरून टोकोरोआ नावाच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईचा. ती फोनवर आधी रडली, मग लोसालिनेबरोबर गायची ते भजन म्हणायला लागली, पेनिसिमानीनं खालचा सूर लावला, आणि मी मशीन बंद करून ऐकत बसलो. भजन संपल्यावर बाईला आठवलं, तो फोटो ग्रॅहमनं काढला होता. ग्रॅहम म्हणजे चर्चच्या तुकडीबरोबर बेटावर पाण्याच्या टाक्या बसवायला आलेला गोरा. कुठंतरी दक्षिणेला राहायचा, न्यूझीलंडच्या अगदी टोकाला.

ग्रॅहम सापडला. तोही म्हातारा झालेला, कानानं कमी. कॉम्प्युटर कधीच टाकून दिला, पण फोटोंच्या सीडी गॅरेजमधल्या खोक्यात आहेत म्हणाला. मुलगी आली की शोधायला सांगतो. तोआकासेनं इंग्रजीत मोठ्या आवाजात त्याला पुन्हापुन्हा सांगितलं, कापू नका, बारीक करू नका, मेसेंजरवरून पाठवू नका, आहे तशी फाइल पाठवा. पडद्याबाहेर उभ्या गिऱ्हाइकाला वाटलं आत भांडण चाललंय.

फाइल आली ती नेमकी शुक्रवारी. तोआकासेनं आधी नक्कल केली, मग उघडली.

तो चेहऱ्याचा फोटो नव्हताच. बेटाचा धक्का होता. मधोमध दोरांनी बांधलेली मोठी टाकी, ती ओढणारे पुरुष, बघणारी पोरं, मागं नारळ, पत्र्याची छपरं. आणि उजव्या कोपऱ्यात, टाकीशी काही देणंघेणं नसल्यासारखी, टोपली घेतलेली एक बाई. सिडनीच्या पुतणीनं चकती कापली होती ती तिथून. तोआकासेनं कोपरा जवळ आणला. चेहरा आधीच्या चकतीपेक्षा कणभर स्वच्छ होता, बस्स.

माझा विरस झाला. "एवढा खटाटोप करून चेहरा तेवढाच!"

"चेहरा तेवढाच आहे," तोआकासे म्हणाली. "पण बाकीची ती आली."

म्हातारा स्टुलावरून उठून स्क्रीनला नाक लागेल इतका जवळ गेला. "पाय बघ," तो म्हणाला. "पायावर पाय ठेवून उभी आहे. नेहमी अशीच. मी म्हणायचो, बगळ्याच्या घराण्यातली आहेस का ग." मग तो बोलतच सुटला. टोपलीत शिंपले आहेत. हा पोरगा आता मेलबर्नला. हे नीरफणसाचं झाड आमच्या दाराचं, छप्पर अर्धं दिसतंय ते आमचं. हा कुत्रा चोर होता.

"आणि तुम्ही कुठले यातले?" मी विचारलं.

"मी नाही यात. मी पाण्यात होतो, टाकीचा दोर धरून. इथं, खाली." त्यानं स्क्रीनच्या खाली, टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं.

तोआकासे त्या बोटाकडे बघत राहिली. मग चष्मा पुसून म्हणाली, "काका, हा दाराएवढा नाही करायचा. केला तर जवळ गेलात की सगळं विरघळेल. याचं जे माप आहे त्या मापात राहू दे."

"माप तुला कसं कळणार?"

"करून बघू."

मग तिनं मला एकाच फोटोच्या लहानमोठ्या प्रती छापायला लावल्या आणि आमच्या भिंतीवर ओळीनं चिकटवल्या. म्हाताऱ्याला घरची खुर्ची भिंतीपासून जेवढी लांब तेवढ्यावर बसवलं. मोठ्या प्रतीपासून सुरुवात केली. "दात दिसतो?" "धूर दिसतो." पुढची. "आता?" "धुरात दात." असं करत करत एका प्रतीपाशी तो पुढं वाकला. वर्तमानपत्राच्या पानाच्या निम्मी असेल. उठून जवळ गेला, मागं आला, परत बसला. "ही," तो म्हणाला. ठिपके दिसायला लागतात त्याच्या अलीकडचं ते माप होतं. ती प्रत तिनं चांगल्या जाड कागदावर छापून घेतली आणि काच लावून दिली.

घराला आशीर्वाद द्यायच्या दिवशी त्यानं तिला बोलावलं. ती गेली. समारंभाला कमरेला नेसतात ती चटई नवी घेतली होती, मला दाखवली. सोमवारी मी विचारलं, कसं झालं?

"छान झालं. डुक्कर होतं, कंद होते, कलिंगडाचं सरबत होतं. बायकांच्यात बसले. जी ती विचारत होती, तुम्ही कुणाच्या?"

"मग?"

"मी काय सांगणार? म्हटलं, दुकानातली. त्या हं म्हणायच्या आणि ताटाकडे वळायच्या. मग काका उठून आले. म्हणाले, ही लोसालिनेच्या माहेरची." ती चष्मा पुसायला लागली. "तसं काही नाही, उगाच आपलं."

फोटोचं काम संपलं तरी शुक्रवार चालू राहिले. कधी मासा, कधी नुसतीच केळी. म्हाताऱ्याला तिच्या कामात रस वाटायला लागला होता. स्टुलावर बसून तो स्क्रीनवरच्या मेलेल्या माणसांना ओळखायचा, हा अमक्याचा जावई, हिचा आवाज गोड होता. शुक्रवारी तोआकासे केसांना खोबरेल तेल लावून यायला लागली. मी एकदा नाक वर करून हुंगलं.

"काय ताई, आज बागेतून आलात?"

"मशीन बघ. शाई गळतेय."

"गळत नाही."

"गळेल."

असं वर्षभर चाललं असेल. मग म्हाताऱ्याचा ब्रिस्बेनचा मुलगा आला. नवरा-बायको दोघं तिकडे कामाला, कालोलाइने आधीच गेली होती, आता बापाचे कागद झाले. म्हातारा शेवटच्या शुक्रवारी आला. जेवताना आतून त्याचाच आवाज आला.

"मुलगा म्हणतो, बाबा इथं एकटे. मी म्हटलं, एकटा कुठं रे, मी शुक्रवारी जातो ना. त्याला कळलं नाही."

"मुलाचं बरोबर आहे काका. तिथं डॉक्टर आहेत, नातवंडं आहेत."

"हं."

"काटा बघून खा."

विमानतळावर आम्ही दुकानाच्या गाडीतून गेलो. त्यांच्या वस्तीतली सगळी माणसं आलेली, गळ्यात फुलांचे हार, पोरांची रड. म्हाताऱ्यानं तो काचेचा फोटो चटईत गुंडाळून काखेत धरला होता, सामानात द्यायला तयार नव्हता. तोआकासेपाशी आला तेव्हा रांग पुढे सरकत होती. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तूही ये मागून." आणि मुलानं ओढला म्हणून आत गेला. आम्ही परत निघालो. शनिवार होता, दुकान बंद, तरी म्हणाली मला दुकानापाशी सोड. काम राहिलंय.

पुढे तो रविवारी फोन करायचा. कधीकधी फोटो पाठवायचा, नातवंडांचे, अंगणातल्या पक्ष्याचे. सगळे मेसेंजरवरून, पुसट. ती त्याला आहे तशी फाइल कशी पाठवायची ते समजावायची. तो हो हो म्हणायचा आणि परत पुसट पाठवायचा. मग त्याला ऐकू कमी यायला लागलं, आणि फोन महिन्यातून एकदा यायला लागला. शुक्रवारी दुपारी परत टेबलफॅनचा आवाज.

थंडीच्या दिवसांत एका शनिवारी ती त्या बेटावर गेली. तिथं आता कुणी राहत नाही. मला आधी काही बोलली नाही, माझ्या चुलतभावाची होडी तिकडे मासेमारीला जाते, त्याच्याकडून कळलं. तो म्हणाला, "अरे, तुमच्या दुकानातली ती मोठी बाई. सोबत कोणी नाही, पाव आणि पाण्याची बाटली. मी म्हटलं, कुणाला भेटायचंय? म्हणाली, कुणाला नाही. मी तिला उतरवून जाळी टाकायला गेलो. परत आलो तर तिथंच उभी. मोबाइलसुद्धा काढला नव्हता."

पुढच्या शुक्रवारी, जेवायच्या वेळेला, तिनंच ब्रिस्बेनला फोन लावला. म्हाताऱ्याला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला होता, त्यामुळे पडद्याबाहेर मलाही सगळं ऐकू येत होतं.

"काका, मी तुमच्या बेटावर जाऊन आले."

"कुठं?"

"बेटावर. तुमच्या."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "झाड आहे का? दाराचं, नीरफणसाचं?"

"नाही, काका."

"खोड तरी?"

"खोड पण नाही. घर कुठं होतं ते मी फोटोवरून शोधलं. नुसती वाळू आहे."

"धक्का?"

"धक्का निम्मा आहे. ती उभी होती तो कोपरा आहे."

"तू तिथं उभी राहिलीस?"

"राहिले."

"पाणी कसं होतं?"

"स्वच्छ. तळ दिसत होता."

मग म्हातारा म्हणाला, "झाड आहे म्हणाली असतीस, तर मला इथं कुठं कळणार होतं?"

"नसतं कळलं."

"हं. बरं झालं खरं बोललीस."

त्यानंतर दोघं बोलली नाहीत. मला वाटलं फोन ठेवला. पण फोन चालू होता. पलीकडून कुठल्यातरी मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता, एक बस थांबली, तिचं दार उघडलं, लागलं. दूर कुठंतरी लहान मूल काहीतरी मागत होतं. तोआकासे फोन टेबलावर ठेवून बसली होती, पडद्याच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती. एका मोठ्या बॅनरचं काम मशीनवर लावून ठेवलं होतं, बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. मी दाबलं नाही. तिकडचे गाड्यांचे आवाज तसेच येत राहिले, आणि ती ऐकत राहिली.